आवेशाची शिस्त : प्राचीन ग्रीक समूहस्तोत्रे आणि देवसंचाराचा प्रश्न

डेल्फाय येथील अपोलोच्या मंदिरात दीर्घकाळ पुरोहित असलेल्या प्लूटार्कने तेथील स्तोत्रगायनाचा वार्षिक क्रम नोंदवून ठेवला आहे. वर्षाचा बहुतेक काळ यज्ञप्रसंगी अपोलोचे ‘पीअन’ हे स्तोत्र गाइले जाई. हिवाळा लागला की पीअन बंद होई, डायोनायससचा ‘डिथिरॅम्ब’ जागवला जाई आणि पुढचे तीन महिने अपोलोऐवजी डायोनायससचे आवाहन चाले. पीअन हे आरोग्य, विजय आणि संकटनिवारण यांसाठी गायचे, ठरावीक आरोळीचे ध्रुवपद असलेले स्तोत्र होते. डिथिरॅम्ब हे मद्य आणि उन्माद यांच्या देवतेचे, ‘ऑलॉस’ या वाद्याच्या साथीने वर्तुळात नाचत गायचे स्तोत्र होते. सनईप्रमाणे पत्तीवर फुंकायच्या दोन नळ्या एकाच वेळी तोंडात धरून हे ऑलॉस वाजवीत. पहिल्या स्तोत्रात व्यवस्था आणि संयम, तर दुसऱ्यात चढउतार आणि भरकटलेपण आहे, असे प्लूटार्क म्हणतो. मात्र ही दोन्ही स्तोत्रे एकाच मंदिरात, एकाच पुरोहितवर्गाच्या देखरेखीखाली, ठरल्या काळी गाइली जात. डेल्फायच्या पंचांगात उन्मादालाही नेमून दिलेली जागा होती.

या नेमलेल्या जागेतून धर्मविचाराचा एक जुना प्रश्न उभा राहतो. देवाच्या गाण्यात माणसाचे देहभान हरपते तेव्हा नेमके काय घडते? ती दैवी सत्याकडे नेणारी वाट आहे, की केवळ विवेकाचा तात्पुरता लोप? आणि तो आवेश जर खरोखरच देवाचा असेल, तर त्याची तालीम कशी करता येईल? उलट तो तालमीतून येत असेल, तर त्याला देवाचा कसा म्हणायचे? आवेश आणि शिस्त यांना एकमेकांचे वैरी मानले की या प्रश्नाला उत्तर उरत नाही. प्राचीन ग्रीकांच्या समूहस्तोत्रांचा व्यवहार जवळून पाहिला तर असे दिसते की त्यांनी हे वैर मानलेच नव्हते. त्यांच्या लेखी छंद, पदन्यास, सराव आणि नागरी नियम यांतून गेलेला आवेश तेवढा दैवी होता. या चौकटीबाहेरचा आवेश त्यांना रोग किंवा शिक्षा वाटे.

प्रथम या काव्याचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. आज ज्याला भावकविता म्हणतात ती एकांतात वाचायची असते; ग्रीक भावकाव्य मात्र वाद्याच्या साथीने गायचे काव्य होते आणि त्यातील मोठा भाग समूहाने, नाचत गायचा होता. ‘कोरोस’ या ग्रीक संज्ञेत गाणे आणि नाचणे या दोन्ही क्रिया अभिन्न आहेत, त्यामुळे समूहस्तोत्राचा कवी हा शब्दांबरोबर चालीचा आणि पदन्यासाचाही कर्ता असे. थीब्झजवळ इ.स.पू. ५१८ च्या सुमारास जन्मलेल्या पिंडारच्या रचनांची अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी १७ ग्रंथांत विभागणी केली होती. देवांची स्तोत्रे, पीअन, डिथिरॅम्ब, मिरवणुकीची गीते, कुमारिकांची गीते, विलापगीते आणि क्रीडाविजेत्यांची गौरवगीते असे त्यांतील प्रमुख प्रकार होते. हस्तलिखितांच्या परंपरेने यांतील केवळ गौरवगीतांचे चार ग्रंथ सांभाळले. देवांसाठी गाइलेले बहुतेक सारे काव्य नाहीसे झाले आणि जे परत मिळाले ते इजिप्तच्या वाळूतील पपायरसांवरून: बॅकिलिडीझ या कवीच्या रचनांची गुंडाळी १८९६ मध्ये हाती आली, ऑक्सिरिंकस येथे सापडलेले पिंडारचे पीअन १९०८ मध्ये आणि त्याच्या डिथिरॅम्बांचे तुकडे १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ग्रीकांच्या उन्मत्त भक्तीविषयीची अनेक प्रभावी मते ही स्तोत्रे वाचनात येण्यापूर्वीच बनली होती.

डिथिरॅम्बचा सर्वांत जुना उल्लेख इ.स.पू. सातव्या शतकातील आर्किलोकस या कवीच्या एका त्रोटक तुकड्यात आहे. त्यात हा कवी दोन गोष्टी एका दमात सांगतो: मद्याने आपले मन विजेचा आघात झाल्यासारखे झाले आहे, आणि डायोनायससचे गीत उचलून देण्याचे कसब आपल्याला अवगत आहे. भान हरपणे आणि ज्ञान असणे यांत त्याला विसंगती दिसत नाही. जो गीत उचलून देतो तो समूहाचा म्होरक्या असतो. मागून येणाऱ्यांना सूर मिळेल, पाऊल सापडेल अशी सुरुवात त्याला करून द्यावी लागते, आणि ते काम निव्वळ बेभान माणसाच्या हातून होणारे नाही. पुढे अरायन या कवीने कॉरिंथचा सत्ताधीश पेरिअँडर याच्या काळात डिथिरॅम्ब रचून, त्याला नाव देऊन, समूहाकडून बसवून घेतला, असे हिरॉडोटस सांगतो. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शोकात्मिकेचा उगम डिथिरॅम्ब उचलून देणाऱ्या म्होरक्यांपाशी नेऊन ठेवला आहे. समूह आणि त्याचा जाणता म्होरक्या ही जोडी अशा रीतीने या परंपरेत आरंभापासून दिसते.

या जोडीतील जाणतेपण काढून टाकण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न प्लेटोने केला. ‘आयॉन’ या छोट्या संवादात सॉक्रेटिस होमरची काव्ये गाणाऱ्या आयॉनला समजावतो की उत्तम कवी कलेच्या बळावर रचना करीत नाहीत; देव त्यांची बुद्धी काढून घेतो आणि त्यांच्या मुखातून स्वतः बोलतो. समूहगीतांचे कवी हे कोरिबँटांसारखे असतात, म्हणजे ऑलॉस आणि ढोलक्यांच्या गजरात भान विसरून नाचणाऱ्या त्या काळच्या विधिनर्तकांसारखे असतात, असे तो म्हणतो. पुराव्यासाठी प्लेटोने निवडलेले उदाहरण एका पीअनचेच आहे. टिनिकस नावाच्या कवीने आयुष्यभर उल्लेख करावा असे दुसरे काहीही लिहिले नाही, पण त्याच्या हातून एक पीअन असा उतरला की तो सर्वांच्या तोंडी बसला. अत्यंत सामान्य कवीकडून अत्यंत सुंदर गीत गाऊन घेऊन देवाने कर्तृत्व कोणाचे हे दाखवून दिले, असा प्लेटोचा युक्तिवाद आहे. ‘फीड्रस’ या संवादात हाच विचार अधिक उदार रूपात येतो. देवांनी दिलेल्या उन्मादाचे तेथे चार प्रकार सांगितले आहेत: भविष्यकथनाचा उन्माद अपोलोकडून, दीक्षाविधींचा डायोनायससकडून, काव्याचा म्यूझ या कलादेवतांकडून आणि प्रेमाचा ॲफ्रोडाइटी व एरॉस यांच्याकडून येतो. नुसत्या कौशल्याच्या भरवशावर काव्याच्या दाराशी जाणारा अपुराच राहतो, असा निर्वाळाही तेथे मिळतो.

तथापि ‘आयॉन’मधील प्रसिद्ध दृष्टान्त शेवटपर्यंत वाचला तर त्यातच एक अडचण दडलेली सापडते. लोहचुंबकाला एक कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. त्याप्रमाणे कलादेवतेची शक्ती कवीकडे, कवीकडून गायकाकडे आणि गायकाकडून श्रोत्यांकडे जाते. याच साखळीला आडव्या लटकलेल्या कड्या म्हणून प्लेटो समूहातील नर्तक, त्यांचे शिक्षक आणि साहाय्यक शिक्षक यांची नावे घेतो. देवाने बुद्धी काढून घेतली असेल तर साहाय्यक शिक्षकाचे काय काम, हा प्रश्न सॉक्रेटिसला कोणी विचारत नाही; पण अथेन्सच्या वाचकाला तो सुचल्यावाचून राहिला नसणार, कारण ही शिक्षक मंडळी त्याने दरसाल पाहिलेली होती.

अथेन्समध्ये वसंतात भरणाऱ्या डायोनायससच्या मोठ्या उत्सवात शहराचे दहा गण डिथिरॅम्बच्या स्पर्धेत उतरत. प्रत्येक गणाचा ५० पुरुषांचा एक आणि ५० मुलांचा एक असे २० वृंद, म्हणजे एकूण १,००० गायक-नर्तक, दरवर्षी तयार करावे लागत. वृंदात नागरिकांनाच प्रवेश असे आणि खर्च ‘कोरिगॉस’ उचलत असे; हा एक धनिक नागरिक असे आणि वृंद उभा करणे हे त्याच्यावर शहराने टाकलेले कर्तव्य असे. मुलांच्या वृंदाचा कोरिगॉस चाळिशी ओलांडलेला असावा, असा कायदा होता. लिसिअस या भाषणलेखकाने लिहून दिलेल्या एका भाषणात त्याचा अशील आपण केलेल्या खर्चाची यादी न्यायालयापुढे वाचतो. डायोनायससच्या उत्सवातील पुरुषांच्या एका वृंदावर, विजयचिन्ह म्हणून मिळालेली तिवई अर्पण करण्याच्या खर्चासह, त्याचे ५,००० द्राक्मा गेले होते, तर शोकात्मिकेच्या वृंदावर ३,०००. त्या काळी कसबी कारागिराची दिवसाची मजुरी एक द्राक्मा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

तालीम कशी चाले याचे जवळून दर्शन इ.स.पू. ४१९ च्या सुमाराच्या एका खुनाच्या खटल्यातील भाषणातून घडते. थार्गेलिया या अपोलोच्या उत्सवासाठी मुलांचा वृंद तयार करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आली होती, त्या आरोपीसाठी अँटिफॉन याने हे भाषण लिहिले. आरोपी सांगतो की त्याने स्वतःच्या घरातील सर्वांत सोयीची खोली सरावासाठी सजवली, मुले गोळा करताना कोणाच्याही आईबापांवर जुलूम केला नाही आणि स्वतः दुसऱ्या कामात गुंतल्यामुळे आपल्या जावयाला व इतर विश्वासू माणसांना देखरेखीस नेमले. तरीही सरावाच्या काळात डायोडोटस नावाचा मुलगा एक पेय प्याल्याने मेला. आवाज सुधारावा म्हणून ते दिले होते, असे या भाषणाच्या प्राचीन सारांशात म्हटले आहे. देवाचे वारे ज्यांच्या अंगात यायचे त्यांच्या गळ्याची अशी काळजी घेतली जाई आणि कधी कधी ती जिवावर बेते. अपोलोच्या या उत्सवातही मुलांनी गायचे ते वर्तुळात नाचण्याचे डिथिरॅम्बच असत. दोन देवांच्या दोन स्वभावांची काटेकोर वाटणी डेल्फायच्या पंचांगात असली तरी अथेन्सच्या व्यवहारात नव्हती. बॅकिलिडीझचे जे डिथिरॅम्ब हाती आले आहेत त्यांतही उन्मादापेक्षा थीसिअससारख्या वीरांच्या कथांचे रेखीव निवेदन अधिक आहे आणि त्यांतील एक तर डीलॉसच्या अपोलोच्या प्रार्थनेनेच संपतो.

अथेन्सच्या जुन्या वस्तीत आजही उभ्या असलेल्या लिसिक्रेटीझच्या स्मारकावर इ.स.पू. ३३५–३३४ या वर्षीच्या अशाच एका विजयाचा लेख कोरला आहे. अकामांटिस गणाच्या मुलांच्या वृंदाने जिंकले, लिसिक्रेटीझ कोरिगॉस होता, थिऑनने ऑलॉस वाजवला, लिसियाडीझने वृंद शिकवला आणि इव्हेनेटस त्या वर्षी मुख्य अधिकारी होता, एवढाच मजकूर त्यात आहे. प्रेरणेचा किंवा संचाराचा शब्दही नाही. त्याच स्मारकाच्या शिल्पपट्टीवर मात्र डायोनायससने आपल्याला पळवणाऱ्या चाच्यांचे डॉल्फिन कसे केले, ती कथा आहे: अर्धे माणसाचे आणि अर्धे माशाचे शरीर घेऊन ते समुद्रात उड्या टाकत आहेत. देवाच्या रूपांतर घडवणाऱ्या शक्तीचे चित्र आणि त्या शक्तीसाठी राबलेल्या माणसांची हिशेबी नोंद या दोन गोष्टी एकाच दगडी वास्तूवर नांदत आहेत.

यावर एक सबळ आक्षेप घेता येतो. शहरातील स्पर्धा हा शेवटी एक समारंभ होता. खरा उन्माद डोंगरावर, रात्रीच्या अंधारात, मशाली घेऊन धावणाऱ्या स्त्रियांच्या विधीत होता आणि त्याला नियमांचा स्पर्श नव्हता, असे म्हणता येईल. पण पुरावा वेगळे सांगतो. डेल्फायच्या ‘थियाड’ या डायोनायससच्या सेविका एक वर्षाआड पार्नासस पर्वतावर विधीसाठी जात आणि अथेन्सच्या स्त्रिया त्यांत सामील होण्यासाठी ठरलेल्या मार्गाने, वाटेत ठरलेल्या ठिकाणी नाचत, तेथवर येत. प्लूटार्कच्या काळी या थियाडांची प्रमुख क्लेआ ही त्याची विदुषी मैत्रीण होती आणि इसिस व ओसायरिस यांच्यावरील आपला प्रबंध त्याने तिलाच उद्देशून लिहिला. एकदा पर्वतावर हिमवादळात अडकलेल्या थियाडांच्या सुटकेसाठी गेलेल्या माणसांचे झगे थंडीने लाकडासारखे ताठ झाले आणि उलगडताना मोडले, असे तो सांगतो. दुसऱ्या एका प्रसंगी, युद्धाच्या दिवसांत, भान हरपून भटकत निघालेल्या थियाड रात्री अँफिसा गावी पोहोचल्या आणि थकून बाजारचौकातच झोपी गेल्या. गावात सैनिक असल्यामुळे तेथील स्त्रिया धावत आल्या, झोपलेल्यांभोवती मुकाट्याने उभ्या राहिल्या, जाग आल्यावर त्यांना खाऊ घातले आणि सरहद्दीपर्यंत पोहोचवून दिले. या स्त्रिया बेभान होत्या यात शंका नाही, पण त्यांचे बेभान होणे हे एक पद होते, त्याला प्रमुख होती, वेळ होती आणि संकटात रक्षण करणारा समाज होता. आशिया मायनरमधील मायलिटस या शहराने तर इ.स.पू. २७६–२७५ मधील एका शिलालेखात असा नियम घालून दिला की शहराच्या वतीने पुजारिणीने कच्च्या मांसाचा नैवेद्य ठेवण्यापूर्वी इतर कोणीही तो ठेवू नये. डायोनायससच्या उपासनेतील सर्वांत रानटी मानलेल्या कृत्यालाही येथे मानपान आणि क्रम आहे.

युरिपिडीझच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०५ च्या सुमारास रंगभूमीवर आलेले ‘बॅकी’ हे नाटक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. उन्मादाच्या भीषणतेचे उदाहरण म्हणून ते नेहमी पुढे केले जाते, कारण त्यात अगाव्ही ही माता स्वतःचा मुलगा पेन्थिअस याला सिंहाचा छावा समजून फाडून टाकते. परंतु त्या नाटकात उन्मत्त स्त्रियांचे दोन गट आहेत. एक गट आशियातून देवासोबत आलेल्या भक्तिणींचा, म्हणजे प्रत्यक्ष रंगस्थळावर स्तोत्र गात नाचणाऱ्या वृंदाचा. त्याचे पहिले गीत विधिवत मिरवणुकीच्या स्तोत्राच्या घाटात बांधलेले आहे आणि हा गट स्वतः कोणाची हत्या करीत नाही. दुसरा गट थीब्झच्या स्त्रियांचा. त्यांच्या राजघराण्याने देवाचे देवपण नाकारले, म्हणून देवाने त्यांना जबरदस्तीने घराबाहेर हाकलले आहे. हा दुसरा गटसुद्धा डोंगरावर शांतपणे, मर्यादेने झोपलेला आढळला, राजा पेन्थिअसला वाटते तशी मद्यधुंद बेबंदशाही तेथे नव्हती, अशी साक्ष पहिला दूत देतो. त्यांना पकडण्यासाठी माणसे चालून गेली तेव्हा हिंसा उसळली. ज्यांनी स्तोत्र स्वीकारले त्यांचा आवेश गीतात राहिला आणि ज्यांनी नाकारले त्यांच्यावर तो अनावर होऊन कोसळला, असा या रचनेचा अर्थ लागतो. अगाव्हीला शुद्धीवर आणताना तिचा पिता कॅडमस तिला आकाशाकडे पाहायला सांगतो, एकेक साधा प्रश्न विचारतो आणि हातात काय आहे हे तिच्याच तोंडून वदवून घेतो. विधीबाहेरच्या उन्मादातून परतण्याची वाट इतकी एकाकी आणि क्रूर आहे.

पिंडारने थीब्झच्या लोकांसाठी रचलेल्या एका डिथिरॅम्बमध्ये हीच जाण अधिक प्रसन्न रूपात दिसते. जुन्या डिथिरॅम्बची लांबण आणि त्यातील उच्चारांचा दोष यांवर टीका करून तो आरंभ करतो, म्हणजे देवाच्या गाण्याच्या उंबरठ्यावर तो आधी कारागिरीचा विचार मांडतो. मग ऑलिंपसवर स्वतः देवच डायोनायससचा उत्सव कसा करतात याचे वर्णन येते: महामातेसमोर ढोलक्या घुमतात, मशाली पेटतात, युद्धदेवाचा भाला आणि अथीनाच्या ढालीवरचे सर्पही त्या गजरात सामील होतात, आर्टेमिस सिंहांना जुंपून येते आणि नाचणाऱ्या श्वापदांच्या कळपांनी डायोनायसस मोहून जातो. वर्णन संपताच कवी सांगतो की कलादेवतेने आपल्याला ज्ञानपूर्ण शब्दांचा निवडक उद्घोषक म्हणून उभे केले आहे. भान हरपलेल्या देवांच्या सभेकडे पूर्ण भानावर राहून पाहणारा आणि ते दृश्य समूहाच्या पायांत व गळ्यात उतरवणारा असा हा कवी ‘आयॉन’मधील बुद्धी हरपलेल्या कवीपेक्षा फार निराळा आहे. प्रेरणा देवतेची आणि घडण आपली, असा दुहेरी दावा तो करतो आणि त्यात त्याला कोठेही संकोच वाटत नाही.

आवेश घाटातून का यावा लागतो, याची मीमांसाही ग्रीक तत्त्वज्ञांनी केली, आणि तिचा आरंभ वृद्ध प्लेटोकडेच सापडतो. ‘कायदे’ या आपल्या अखेरच्या ग्रंथात तो म्हणतो की कोणतेही कोवळे प्राणिमात्र शरीर आणि आवाज स्थिर ठेवू शकत नाही. उड्या मारणे आणि ओरडणे हा त्याचा धर्मच असतो. माणसाला मात्र या हालचालीतील क्रम जाणवतो, आणि ही जाणीव अपोलो, म्यूझ आणि डायोनायसस यांनी आपल्यासोबत नाचून आपल्याला दिली. हालचालीचा क्रम म्हणजे ताल, आवाजाचा क्रम म्हणजे स्वरमेळ. रडणाऱ्या बाळाला आई निश्चल ठेवत नाही, झुलवते आणि गुणगुणते. कोरिबँटांच्या विधीत भयग्रस्तांवर हाच उपचार होतो, कारण बाहेरून दिलेली नियमित गती आतल्या भीतीच्या अनियमित गतीवर मात करते आणि मनाला शांतता मिळते. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’च्या आठव्या भागात हा विचार पुढे नेला. पवित्र चालींनी ज्यांच्यात आवेश संचारतो त्यांना त्याच चालींनी औषधोपचार झाल्यासारखा आराम पडतो, असे सांगून तो या प्रक्रियेला ‘कॅथार्सिस’ म्हणतो. विंदा करंदीकरांनी केलेल्या ‘काव्यशास्त्रा’च्या अनुवादामुळे मराठी वाचकाला ही संज्ञा शोकात्मिकेच्या संदर्भात परिचित आहे, परंतु ‘राज्यशास्त्रा’त तिचे नाते थेट देवसंचाराच्या गाण्याशी जोडलेले आहे. फिलॉक्सेनस या कवीने धीरगंभीर डोरियन स्वरपद्धतीत डिथिरॅम्ब रचण्याचा प्रयत्न केला, पण रचनेचा स्वभावच त्याला पुन्हा उत्कट फ्रिजियन पद्धतीकडे ओढून घेऊन गेला, ही आठवण ॲरिस्टॉटल त्याच प्रकरणात सांगतो. आवेशालाही त्याची स्वतःची अशी चौकट आहे आणि ती मनमानीने बदलता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

ही चौकट पुढे कशी सैल झाली हेही पाहण्यासारखे आहे. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात मेलानिपिडीझ, किनेसिअस, फिलॉक्सेनस आणि टिमोथिअस यांनी डिथिरॅम्बमध्ये नव्या संगीताची लाट आणली. वळणे, आलाप आणि स्वरपद्धतींची सरमिसळ वाढली, आणि ॲरिस्टोफेनीझने ‘पक्षी’ या नाटकात हवेत तरंगणाऱ्या किनेसिअसची यथेच्छ टर उडवली. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘समस्या’ या ग्रंथात या बदलाचे मार्मिक कारण दिले आहे. पूर्वी स्वतंत्र नागरिक स्वतः वृंदात गात असत, आणि अनेकांनी मिळून कसलेल्या गायकासारखे गाणे कठीण असल्यामुळे रचना पुन्हा पुन्हा येणाऱ्या समान कडव्यांत बांधलेली असे. गाणे अनुकरणप्रधान होऊन व्यावसायिकांच्या हाती गेले तेव्हा ही समान कडवी गळून पडली. वरवर पाहता नव्या डिथिरॅम्बमध्ये भावनेचा कल्लोळ अधिक होता, परंतु तो कसलेल्या कलावंताचा होता आणि शहराचे काम तो ऐकण्यापुरते उरत गेले. पीअन आणि डिथिरॅम्ब यांची सरमिसळ करणाऱ्यांमुळे प्रेक्षकांची झुंडशाही माजली, असा ‘कायदे’मधील प्लेटोचा संताप अतिशयोक्त असला, तरी घाट मोडला की समूहाचे स्थान बदलते हे त्याचे निरीक्षण खरे आहे.

आधुनिक काळात या विषयावर सर्वाधिक छाप पडली ती १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शोकात्मिकेचा जन्म’ या नित्शेच्या ग्रंथाची. अपोलोची स्वप्नमय सुघटितता आणि डायोनायससची सीमा पुसून टाकणारी धुंदी या दोन प्रेरणांच्या मिलनातून शोकात्मिका जन्मली, असे त्याचे म्हणणे होते. पण लोकप्रिय चर्चेत मिलन मागे पडले आणि विरोध तेवढा शिल्लक राहिला. त्या विरोधाला डेल्फायच्या उत्खननाने परस्पर उत्तर दिले आहे. इ.स.पू. ३४० च्या सुमारास फिलोडॅमस या कवीने डेल्फायसाठी रचलेले आणि तेथे दगडावर कोरलेले एक स्तोत्र डायोनायससला उद्देशून आहे, पण प्रकाराने ते पीअन आहे. त्याच्या ध्रुवपदांत डायोनायससच्या आरोळ्या आणि पीअनची साद एकत्र गुंफलेल्या आहेत, आणि या रचनेबद्दल डेल्फायच्या नागरिकांनी कवीचा व त्याच्या भावांचा सन्मान केला. १८९३ मध्ये फ्रेंच उत्खननात अथेन्सच्या कोषागाराच्या दक्षिण भिंतीवरील अपोलोची दोन स्तोत्रे स्वरलिपीसह हाती आली. अक्षरांवर कोरलेल्या खुणांमुळे ती आजही गाता येतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ही अपोलोची स्तोत्रे अथेन्सहून आलेल्या ज्या व्यावसायिक मंडळाने गाइली, त्याचे नाव ‘डायोनायससचे कलावंत’ असे होते.

एवढे पाहिल्यावर मूळ प्रश्नाकडे वळता येते. महिनोन्‌महिने घोटलेला, पैसे खर्चून बसवलेला आवेश खोटा मानावा काय? खरेपणाचे स्थान व्यक्तीच्या अंतःकरणातच असते आणि जे उत्स्फूर्त तेच प्रामाणिक असते, या गृहीतकावर हा संशय उभा आहे. ग्रीक समूहस्तोत्र हे मनोगत नव्हते, ते देवाला वाहिलेले अर्पण होते. अर्पणाच्या वस्तूवर जितके कष्ट घेतलेले असतील तितकी ती देवाला योग्य ठरते, आणि तिच्या मोबदल्यात देवाने प्रसन्न होऊन सोबत नाचावे अशी अपेक्षा असते. पन्नास गळे आणि शंभर पाय एका तालात आले की कोणाही एकाचे ‘मी’पण त्या तालाला वेगळे उरत नाही. असे विलीन होणे हाच जर देवसंचार असेल, तर तालीम ही त्याची पूर्वअट ठरते. या व्यवस्थेला किंमत होती. तिच्यात परक्यांना जागा नव्हती, धनिकांचा बडेजाव होता, आणि सरावखोलीत मेलेल्या एका मुलाची नोंदही तिच्याच कागदपत्रांत आहे. तरीही माणसाला स्वतःबाहेर नेऊन सुखरूप परत आणण्याची तिची रीत, पेन्थिअसच्या दडपशाहीपेक्षा आणि अगाव्हीच्या एकाकी उन्मादापेक्षा, अधिक शहाणपणाची होती.

खुद्द प्लेटोचा अखेरचा कौलही याच बाजूने आहे. ‘कायदे’मध्ये तो आपल्या आदर्श नगरासाठी तीन वृंद नेमतो: मुलांचा वृंद म्यूझना, तिशीच्या आतील तरुणांचा अपोलोला, आणि तीस ते साठ वर्षांच्या, गाण्यातील बरेवाईट पारखण्यास सर्वांत समर्थ असलेल्या प्रौढांचा वृंद डायोनायससला दिलेला आहे. उन्मादाच्या देवाची सेवा त्याने अननुभवी तरुणांकडे सोपवली नाही, सर्वाधिक जाणत्यांकडे सोपवली. आणि ज्याला वृंदात गाण्या-नाचण्याचे शिक्षण मिळालेले नाही त्याला अशिक्षित मानावे, असे त्याच ग्रंथात स्पष्टपणे लिहून ठेवले. ‘आयॉन’मध्ये कवीची बुद्धी काढून घेणाऱ्या तत्त्वज्ञाने आयुष्याच्या अखेरीस दिलेला हा निकाल ग्रीक समूहस्तोत्रांच्या इतिहासाशी अधिक जुळणारा आहे, आणि तोच ग्राह्य धरला पाहिजे.